चौकटीत माणूस नको म्हणे

तुमच्या फोनमधले ब्रिटनच्या समुद्राचे फोटो एकदा सलग बघा. डर्डल डोअरची कमान, सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे, रोसिलीची तीन मैलांची पुळण. त्यात दोन तऱ्हा सापडतील. पहिलीत आपण हसत उभे आणि समुद्र मागे नाटकाच्या पडद्यासारखा टांगलेला. दुसरीत माणूस औषधालाही नाही; धुक्यासारखं पाणी, काळे खडक, केशरी आकाश. पहिल्या तऱ्हेला आपल्यातले हौशी छायाचित्रकार नाकं मुरडतात. माझं भांडण दुसऱ्या तऱ्हेशी आहे. सेल्फी काढणारा निदान एवढं तरी कबूल करतो की तिथे माणूस होता.

मागच्या वर्षी इथल्याच एका मंडळाच्या छायाचित्र स्पर्धेत ‘सागरकिनारा’ हा विषय होता आणि नियमावलीत एक कलम होतं: चौकटीत माणूस, वाहन किंवा मानवनिर्मित वस्तू नसावी. माझा फोटो त्या कलमाखाली परत आला. त्यात पावसाळी दुपार होती, ओहोटी होती, ट्रॅक्टरला जोडलेली नारिंगी-निळी बोट होती आणि तिच्यावरचं खारं पाणी होजने धुऊन काढणारे तिघे होते. परीक्षकांनी सौजन्याने कळवलं की रचना चांगली आहे, पण हे निसर्गचित्र नव्हे, कामाचं चित्र आहे. फोटो नाकारला याचं दुःख नाही, माझ्या फोटोंना त्याची सवय आहे. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण परदेशातल्या मराठी माणसाचं किनाऱ्याशी असलेलं सगळं नातं त्यात आलं आहे. किनारा बघायचा. तिथलं काम दुसऱ्या कुणाचं तरी.

मी वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. पोटासाठी वाळूचा हिशोब ठेवते, म्हणजे हिवाळ्यातल्या वादळाने पुळणीवरची वाळू कुठे नेली आणि उन्हाळ्यात ती परत किती आली, यावर पोस्टडॉक करते. त्याशिवाय गावातल्या लाइफबोट ठाण्यावर शोअर क्रूमध्ये आहे. आम्ही बोट पाण्यात सोडतो, परत आल्यावर ओढून घेतो, धुतो, तेल भरतो, पुढच्या हाकेसाठी तयार ठेवतो. उरलेल्या वेळात फोटो काढते. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला किनाऱ्याचे फोटो घ्यायचे आहेत त्याने किनाऱ्याच्या पहाऱ्यातही वाटा उचलावा. हे पुण्य पदरात पडावं म्हणून सांगत नाही. तुमचे फोटो त्यावाचून खोटे येतात, म्हणून सांगते.

खोटे कसे, ते ऐका. दुकानात दहा स्टॉपचा काळा फिल्टर मिळतो. तो लावला की प्रकाश सुमारे हजार पटीने कमी होतो आणि सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यात येणाऱ्या फोटोला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाच-सहा लाटा येऊन जातात, त्यांची एकमेकींत सरमिसळ होते आणि पाणी रेशमासारखं दिसतं. या वेळात कुणी चौकटीतून चालत गेलं तर ते उमटतच नाही. म्हणजे लाट आणि माणूस या दोन गोष्टी हा फोटो पुसून टाकतो. नेमक्या याच दोन गोष्टी बोटीवरचा माणूस शोधत असतो. पाण्यात अडकलेल्या माणसाचं डोकं दुरून नारळाएवढंही दिसत नाही. तेही लाटेच्या माथ्यावर क्षणभर, मग पुन्हा खळग्यात. ते शोधायला जी नजर लागते तिच्या अगदी उलट नजर आपण हजार-बाराशे पौंड खर्चून कमावतो, आणि तिला ‘शांतता’ असं नाव देऊन दिवाणखान्यात टांगतो.

यात फिल्टरचा दोष नाही. माझ्या विषयात याच तंत्राने मोठं काम झालं आहे. अमेरिकेत ओरेगनच्या रॉब होलमन यांनी १९८० च्या दशकापासून किनाऱ्यावर उंचावर कॅमेरे बसवून दहा-दहा मिनिटांच्या सरासरी प्रतिमा घ्यायला सुरुवात केली. लाट उथळ पाण्यात फुटते, म्हणून जिथे वाळूचा बांध तिथे प्रतिमेत पांढरा पट्टा येतो. त्या पट्ट्याला मध्येच काळी खिंड पडलेली असेल तर तिथे पाणी खोल असतं, आणि बांधावरून आत आलेलं पाणी त्याच खिंडीतून परत समुद्रात जातं. हाच रिप करंट. कोवळ्या पोराला पुळणीवरून ती जागा सगळ्यात शांत वाटते, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. आमच्या प्रतिमेत ती ठसठशीत दिसते. तुमच्या भिंतीवरच्या रेशमी फोटोतही ती असेल. तुम्ही तिला ‘रचनेतली मोकळी जागा’ म्हटलं असेल. तंत्र तेच, फरक आहे तो बघणाऱ्याला काय माहीत आहे याचा.

आता वर्म्स हेडकडे या. गावर द्वीपकल्पाच्या टोकाला, रोसिलीच्या पुळणीशेजारी, हे लांबट बेट समुद्रात पसरलेलं आहे. इंटरनेटवर वेल्सचा समुद्र शोधलात तर पहिल्या दहात याचा फोटो येतोच. ओहोटीला मधला खडपाळ रस्ता उघडा पडतो, साधारण ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास. तेवढ्या अवधीत जाऊन यायचं. उशीर झाला तर बेटावर बसून राहायचं, पुढची ओहोटी येईपर्यंत. कवी डिलन टॉमसही एकदा असा अडकला होता असं सांगतात. रस्त्याच्या तोंडाशी पाटी आहे: अडकलात तर पाण्यातून चालायचा किंवा पोहायचा प्रयत्न करू नका. पाटी वाचायला अर्धं मिनिट लागतं, म्हणजे एका फोटोएवढा वेळ.

इथलं भरतीचं गणित आपल्या सवयीचं नाही. मुंबईत साडेचार मीटरची भरती येणार असली की महापालिका इशारा देते. स्वानसीच्या उपसागरात उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्यातला फरकच साडेआठ मीटरच्या आसपास असतो. ब्रिस्टल चॅनेलच्या नरसाळ्यात पाणी कोंडतं, म्हणून. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, शेवटी एक. साडेआठ मीटरचे तीन बारांश म्हणजे दोन मीटरहून जास्त, एका तासात. मिनिटाला साडेतीन सेंटिमीटर. ट्रायपॉड लावून ढग सरकायची दहा मिनिटं वाट पाहिलीत तर मागच्या घळीत पाणी पस्तीस सेंटिमीटरने चढलेलं असतं, आणि तुमची पाठ तिकडे असते.

कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, पुढे रोज पाऊण तास उशिरा. तो हिशोब इथे घेऊन आलात तर घात होईल. चंद्र तोच, पण स्वानसीत उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते आणि ओहोटी भर दुपारी. मग बघा काय होतं. दुपारी रस्ता सगळ्यात रुंद उघडा असतो, आपण डबा घेऊन निघतो, बेटावर पोचतो, आणि शरद ऋतूतला तो सोनेरी उजेड पडायला लागतो तेव्हा भरतीचा तिसरा-चौथा तास चालू असतो. उत्तम उजेड आणि सगळ्यात वेगाने चढणारं पाणी, एकाच वेळी. हा योगायोग नाही, दर उधाणाला असंच होतं. छायाचित्रणाच्या कुठल्याही व्हिडिओत हे ऐकलंत का? ‘गोल्डन अवरला पोचा’ एवढंच ऐकलं असेल.

मला हे कुठे कळलं? विद्यापीठात समीकरणं कळली. दुपार-संध्याकाळचा हा सापळा ठाण्यावर कळला, चहा पिताना, ज्यांनी त्या रस्त्यावरून लोकांना वीस-वीस वर्षं उचलून आणलं आहे त्यांच्याकडून. आणि तेव्हापासून माझे फोटो बदलले. कधी निघायचं, कुठल्या खडकावर पाठ टेकायची, कुठली घळ आधी भरते, कुठल्या वाऱ्याला पाण्याचा रंग कसा पालटतो, हे कळल्यावर चौकट आपोआप वेगळी पडते. उलटही खरं आहे. फोटो काढणाऱ्याला दोन तास एकाच पाण्याकडे बघायची सवय असते. क्षितिज तुकड्यातुकड्याने पाहणं, दोन मिनिटांपूर्वी नव्हतं असं काही दिसलं की थबकणं, उजेड कुठून येतो ते ध्यानात ठेवणं, हे पहारा करणाऱ्याचेही गुण आहेत. नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन नावाची स्वयंसेवकांची संस्था १९९४ पासून जुन्या कोस्टगार्डच्या टेहळणी चौक्या चालवते, त्यातली एक वर्म्स हेडच्या रस्त्यासमोरच आहे. तिथे पोहता यावं लागत नाही. दुर्बिणीला डोळा लावून बसता आलं पाहिजे. तुम्ही तेच तर दर रविवारी करता.

रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, म्हणजे आरएनएलआय, हे नाव तुम्ही पबच्या काउंटरवरच्या बोटीच्या आकाराच्या गल्ल्यावर वाचलं असेल. ही सरकारी संस्था नाही, हे दहा वर्षं इथे राहिलेल्या आपल्या लोकांनाही माहीत नसतं. ४ मार्च १८२४ रोजी लंडन टॅव्हर्नमध्ये सभा भरली आणि सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीतून संस्था उभी राहिली. हिलरी आइल ऑफ मॅनवर राहायचे आणि तिथल्या डग्लसच्या उपसागरात जहाजं फुटताना त्यांनी पाहिली होती. १८५४ मध्ये संस्थेने सरकारी अनुदान घेतलं आणि १८६९ मध्ये स्वतःहून सोडून दिलं, पुढे देणग्यांवर आणि मृत्युपत्रांतून येणाऱ्या पैशांवर चालवली. आज ब्रिटन आणि आयर्लंड मिळून २३८ ठाणी आहेत आणि संस्थेच्या कामाला हात लावणाऱ्या दर वीस माणसांमागे एकोणीस बिनपगारी आहेत. शिक्षक, सुतार, नर्स, खाणावळ चालवणारे. समुद्रावर पोट असलेले दहात एखादाच. कोणी ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागितलं की कोस्टगार्ड ठाण्याला विचारतं, पेजर वाजतात आणि माणसं हातातलं टाकून धावतात. याला इथे ‘शाउट’ म्हणतात. आपण हाक म्हणू, अर्थ तोच आहे.

हे सगळं गोड-गोड नाही. २३ एप्रिल १९४७ च्या वादळात सॅमटँपा हे जहाज स्कर पॉइंटच्या खडकांवर फुटलं. मदतीला गेलेली मंबल्सची लाइफबोट उलटली, आठही खलाशी गेले. जहाजावरचे एकोणचाळीस गेले. ऑयस्टरमथच्या चर्चमध्ये त्या आठांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी आहे. मंबल्सचा दीपगृह-टेकडी-सूर्यास्त हा फोटो तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. तो टिपताना ती खिडकी पाहिलीत का, असं विचारत नाही. कुणी सांगितलंच नसेल. पण ते सांगणारी माणसं पिअरच्या टोकाला, बोटघरात असतात. दार ठोठावायचं.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते मी घरच्यांकडून, मंडळाकडून आणि ठाण्यावरही ऐकले आहेत.

ठाण्यावरचा आक्षेप सगळ्यात वजनदार. कोणी बुडत असताना तिथे कॅमेरेवाली कशाला? बरोबर आहे. म्हणून नियम साधा: हाक आली की कॅमेरा गाडीत. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा, त्याचे ओले कपडे, त्याच्या आईचं रडणं, यावर माझा काडीचाही हक्क नाही. बोटीवर हेल्मेटला कॅमेरे असतात, ते सरावासाठी आणि नोंदीसाठी. त्यातलं बाहेर काय जायचं ते संस्था ठरवते, मी नाही. ज्यांना ‘ॲक्शन’ टिपायची आहे त्यांनी खरंच येऊ नये. पण हाकेच्या आधी आणि नंतर जे असतं ते कुणी टिपत नाही. सरावाच्या रात्री दिव्याखाली चमकणारा ओला ट्रॅक्टर, वाळूतले चाकांचे माग, बोट गेल्यावर रिकामं झालेलं बोटघर आणि घड्याळाकडे बघत उभी असलेली आम्ही चार माणसं. यालाही मी किनाऱ्याचं निसर्गचित्रच म्हणते. किनारा असाच दिसतो.

आणि हे मी एकटीच करते असंही नाही. नायजेल मिलार्ड हे टॉर्बेच्या लाइफबोटवरचे स्वयंसेवक आणि छायाचित्रकारही. त्यांचे फोटो बघा, समुद्र त्यात आतून दिसतो, कारण ते आत असतात. जॅक लो यांची वाट वेगळी. त्यांनी २०१५ मध्ये सगळ्या ठाण्यांचे फोटो काचेच्या पत्र्यांवर, व्हिक्टोरियन काळातल्या ओल्या कलोडियन पद्धतीने घ्यायचं मनावर घेतलं. एक जुनी ॲम्ब्युलन्स विकत घेऊन तिची फिरती डार्करूम केली. त्या पद्धतीत काच उजळायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ बोटीवरची माणसं निश्चल उभी राहतात आणि म्हणून काचेवर उमटतात. लाँग एक्स्पोजर तेही, आपलंही. आपल्या फोटोत माणूस पुसला जातो, त्यांच्या फोटोत माणूस थांबतो, कारण छायाचित्रकाराने त्याला विचारलेलं असतं.

दुसरा आक्षेप घरचा: लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? करार संपायला चौदा महिने उरलेत, पेपर लिही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन वर्षांच्या करारावर जगणाऱ्याला कुठल्याच गावात मुळं धरायची मुभा नसते. शेजाऱ्याचं नाव कळेपर्यंत सामान बांधायची वेळ येते. पण यावरचा आपला तोडगा काय असतो? शनिवार-रविवारी दोनशे मैल गाडी हाकून तीन किनारे ‘करायचे’, फोटो टाकायचे आणि सोमवारी परत. दहा गावं पाहिली, एकाही गावात आपलं नाव कुणाला ठाऊक नाही. मला ठाण्यावर माझं नाव नीट उच्चारायला तीन आठवडे लागले. आता पेजरवर हाक आली आणि मी दिसले नाही तर कुणीतरी फोन करून विचारतं. विभागात माझी चौकशी इतक्या तातडीने कधीच झालेली नाही. पेपरही लिहून झाला, बाय द वे.

तिसरा आक्षेप मंडळातला, आणि तो मला सगळ्यात जास्त सलतो. ‘हे त्यांचं काम आहे गं, आपण इथे पाहुणे.’ पाहुणे? घर घेतलं, कर भरतो, शाळेच्या पालक सभेत तावातावाने बोलतो, आणि समुद्रकिनारी आल्यावर पाहुणे! शिवाय समुद्राला पाहुणा कळत नाही. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम्ब बेमध्ये शिंपले वेचायला नेलेले किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये कॅम्बर सँड्सला लंडनहून सहलीला आलेले पाच तरुण एकाच दिवशी बुडाले. श्रीलंकन तमिळ घरांतली मुलं, आपल्या मुलांसारखीच. ओहोटीला ती पुळण मैदानासारखी पसरते, मग भरती वाळूच्या बांधांमागून येते आणि मैदानाची बेटं होतात. तेव्हा तिथे जीवरक्षक नव्हते. ते त्यानंतर आले. ही माणसं का गेली? भित्री नव्हती, मूर्ख तर नव्हतीच. किनाऱ्याची जी माहिती तिथल्या पोराला आजोबांकडून मिळते ती त्यांच्यापर्यंत पोचवणारं त्यांच्या भाषेत कुणी नव्हतं. आपल्याकडेही हेच. पुण्याहून मुरुडला सहलीला गेलेली डझनाहून जास्त मुलं फेब्रुवारी २०१६ मध्ये एका दुपारी गेली, तेव्हा मुरुडच्या कुठल्याही कोळ्याला ते पाणी ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. देखावा बघायला गेलेला माणूस कोळ्याला विचारत नाही, मासळीचा भाव सोडून.

म्हणजे हे ज्ञान मराठीत, आपल्या व्हॉट्सॲप गटांत, आपल्या सहलींच्या आधी कोण आणणार? आत जाऊन बसलेला आपला माणूसच. आरएनएलआय वर्षानुवर्षं सांगते की इथल्या किनाऱ्यावर जीव गमावणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक पाण्यात उतरायला आलेलेच नसतात. चालायला आलेले, धावायला आलेले, आणि हो, फोटो काढायला आलेले. अचानक गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट-दीड मिनिट श्वास ताब्यात राहत नाही. तेव्हा हातपाय मारू नका, उताणे होऊन तरंगा, श्वास बसला की मग हाक मारा. हे तीन ओळींचं वाक्य मी आमच्या मंडळाच्या सहलपत्रकात घालायला सांगितलं होतं. ‘सणासुदीला अभद्र नको’ म्हणून ते वगळलं. त्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर समुद्राचा फोटो होता. अर्थात रेशमी.

पाहुणेपणाच्या गोष्टीत आणखी एक. जुलै २०२१ मध्ये नायजेल फराज यांनी आरएनएलआयला स्थलांतरितांची टॅक्सी सेवा म्हणून हिणवलं, कारण चॅनेलमध्ये बुडणाऱ्या रबरी होड्यांतल्या माणसांना लाइफबोट उचलून आणत होत्या. संस्थेने जाहीरपणे सांगितलं की जीव धोक्यात असलेल्या कुणालाही आम्ही वाचवणार, आणि त्या काही दिवसांत देणग्यांचा पूर आला. पाण्यातल्या माणसाला पासपोर्ट विचारत नाहीत. ज्या देशात आपण विमानतळावर, बँकेत, घरमालकाकडे, दर ठिकाणी कागद दाखवत आलो, तिथे कागद न विचारणारी ही एक रांग आहे. निदान वाचवून घ्यायला तरी नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर स्वयंसेवा करता येते, सरकारी संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा व्हिसाची सबब पुढे करू नका. वेळ नाही म्हणा, ते मी समजून घेईन.

‘हे सरकारने करायला हवं’ असं म्हणणारे मित्र आहेत, डाव्या विचारांचे, प्रामाणिक. त्यांच्याशी माझा वाद अर्धाच आहे. देणग्यांवर जीव वाचवणं ही काही आदर्श व्यवस्था नव्हे, मलाही शंका येते. पण हे मित्र गेल्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलला गेले होते आणि तिथले एकवीस फोटो त्यांनी टाकले. सरकार येईपर्यंत गल्ल्यात पाच पौंड टाकायला काय हरकत होती?

मंडळांनी निदान एवढं करावं. समुद्राच्या फोटोखाली ठिकाणाबरोबर भरतीची वेळही मागावी. ज्याला ती लिहिता येत नाही तो नशिबाने परत आलेला आहे, त्याला बक्षीस नको. चौकटीत माणूस नको हे कलम काढून टाकावं. बक्षिसाच्या शंभर पौंडांतले पन्नास त्या फोटोतल्या किनाऱ्याच्या ठाण्याला पाठवावेत. आणि सहलीच्या आदल्या आठवड्यात जवळच्या ठाण्यावरच्या कुणाला तरी सभागृहात बोलवावं. ते येतात, पैसे घेत नाहीत, पोहे आवडीने खातात.

आणि तुम्ही, जे किनाऱ्यापासून पाच-दहा मिनिटांवर राहता: ठाण्यांचा सराव बहुधा आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी असतो. बोटघराच्या दारावर किंवा संकेतस्थळावर वार बघा आणि जा. बोटीवर जायचं नसेल तर शोअर क्रू आहे, दुकान आहे, निधी गोळा करणं आहे, शाळांमधून बोलणं आहे, प्रसिद्धीचं काम आहे. तिथे फोटो काढणारा माणूस हवाच असतो. पण कॅमेरा पहिल्या दिवशी गाडीतच ठेवा. पहिल्या दिवशी तुमच्या हातात होज देतील, आणि ट्रॅक्टरच्या चाकांतली वाळू आधी काढायची असते, बोट नंतर.